‘राधेय’ अशी सही करणाऱ्याला

(पत्राचा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखक ४१ वर्षांचे आहेत. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळतात. शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा. प्रेसच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे लोखंडी साचे, बनवण्यात आणि बिघडलेल्या डाय मार्गी लावण्यात त्यांचा हात धरणारं तिथे कुणी नाही. रात्री दोनला प्रेस अडला तरी फोन त्यांनाच येतो. आधीच्या नोकरीत, वयाच्या २३व्या वर्षी, एका वरिष्ठांनी भर मीटिंगमध्ये चौदा माणसांसमोर सुनावलं होतं, ‘ड्रॉइंगवर बोलायला डिग्री लागते. तू डाय चालव.’ ते वाक्य अजून बोचतं. ती नोकरी गेली तेव्हा आताच्या मालकांनी काही न विचारता कामावर घेतलं. आता मालक टूलरूम आणि डिझाइन या दोन्हींचं प्रमुखपद देतायत. हाताखाली सहा जण, त्यातले चार बीई. पत्रलेखकांनी दोनदा नकार दिला. मालकांनी गणपतीपर्यंत मुदत दिली आहे. मधल्या काळात चाकणच्या एका कंपनीने दीडपट पगारावर बोलावलं. तिथेही नकार, कारण ‘ज्यांनी अंगदेश दिला त्यांना सोडणं जमणार नाही’. मुलीची दहावी झाली, तिला डिप्लोमालाच जायचंय, त्यालाही नकार. दहावीच्या सुट्टीत ‘मृत्युंजय’ वाचल्यापासून कर्ण हा त्यांचा माणूस. बायको म्हणते, ‘कर्णाला शाप तरी होते, तुम्हाला काय झालंय?’ त्यांचा प्रश्न: कर्णाचं काय चुकलं? आणि माझं चुकतंय का? सही, ‘एक राधेय’.

प्रिय राधेय,

तुमच्या बायकोचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा नेमका आहे, हे आधीच सांगून टाकते. पण सुरुवात कर्णापासून करते, कारण त्याच्याबद्दल तुम्ही ऐकून घ्याल. स्वतःबद्दल लगेच ऐकून घ्याल की नाही, शंका आहे.

‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. मी ती अकरावीत वाचली, शेजारच्या काकूंकडून आठ दिवसांच्या बोलीवर आणून. शेवटच्या पानांना डोळे इतके सुजले की आईला वाटलं मला ताप आलाय. तेव्हा तुमची भक्ती मला कळते. अर्जुनाचं कौतुक आपण करतो, पण अर्जुनासाठी रडत कुणी नाही. गंमत अशी, की त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं. त्यातल्या कर्णावरच्या लेखाचं नावच ‘मी कोण?’ असं आहे, आणि तिथला कर्ण इतका लाडका नाही. तुम्ही पहिलं पुस्तक पंचवीस वर्षं उशाशी ठेवलंत, आता दुसरंही एकदा वाचा. त्यातलं सगळं पटायलाच हवं असं नाही, मलाही पटलेलं नाही. पण एकाच माणसाकडे दोन खिडक्यांतून बघायची सवय होते.

आता तो प्रसंग, जो तुम्हाला तोंडपाठ असणार. हस्तिनापुरात रंगभूमीवर, म्हणजे त्यासाठी उभारलेल्या आखाड्यात, राजपुत्रांच्या शस्त्रविद्येचं प्रदर्शन चाललंय. कर्ण येतो, अर्जुनाने जे जे केलं ते सगळं करून दाखवतो आणि द्वंद्वाचं आव्हान देतो. कृपाचार्य कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. पावसाने भिजून झुकलेल्या कमळासारखं त्याचं तोंड झालं, असं व्यास लिहितात. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो, डोक्यावर अभिषेकाचं पाणी पडतं. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. पुढचं फारसं कुणाला आठवत नाही.

पुढे अधिरथ येतो, कर्णाला वाढवणारा सारथी बाप. म्हातारा, घामाघूम, काठीच्या आधाराने, उपरणं खांद्यावरून घसरलेलं. त्याला बघताच नुकताच राजा झालेला कर्ण धनुष्य टाकतो आणि ते ओलं डोकं त्याच्या पायाशी नेतो. अधिरथ गडबडीने धोतराच्या सोग्याने आपले पाय झाकून घेतो. मुलगा आता राजा आहे ना, राजाने आपल्या पायांवर डोकं ठेवायचं म्हणजे काय! मग तो त्याला ‘बाळा’ म्हणून मिठीत घेतो, आणि अभिषेकाने भिजलेलं ते डोकं बापाच्या आसवांनी दुसऱ्यांदा भिजतं. सबंध महाभारतात बाप-लेकाचं इतकं सुंदर चित्र मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

आणि मग भीम बोलतो. तुझ्या कुळाला शोभेल तो चाबूक हातात घे, म्हणतो.

म्हणजे त्या एका दुपारी कर्णाला तीन गोष्टी मिळाल्या. राज्य, बापाची मिठी आणि भीमाचं वाक्य. त्यातली कोणती त्याने आयुष्यभर बरोबर नेली, ते आपल्याला माहीत आहे. त्यानंतर त्याने जे जे केलं, त्यातलं बरंचसं मला त्या एका वाक्याला दिलेलं उत्तर वाटतं. बाण मारला तरी उत्तर, दान दिलं तरी उत्तर. आणि माणूस जेव्हा एकाच प्रश्नाला उत्तर देत राहतो, तेव्हा त्याचं वय तो प्रश्न विचारला त्या दिवशीच अडकून बसतं. कर्ण म्हातारा झाला, नातवंडं झाली, तरी आत रंगभूमीवरचा तो मान खाली घातलेला पोरगाच होता.

तुमच्या साडेचार पानांत गेल्या अठरा वर्षांत तुम्ही किती डाय बनवल्यात याचा हिशेब एका ओळीत आहे. त्या मीटिंगला सव्वा पान आहे. कोण कुठे बसलं होतं, टेबलावर कोणत्या रंगाची फाइल होती, हेसुद्धा.

इथे थोडं थांबते, कारण माझं बोलणं चुकीच्या दिशेने ऐकलं जाण्याची भीती आहे. ‘सगळं तुमच्या मनात आहे, विसरून जा’ असं मी म्हणत नाहीये. कर्णाचा अपमान खरा होता. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेने तो केला होता, आणि ती व्यवस्था आपल्याकडे अजून गेलेली नाही. आडनाव विचारून घर भाड्याने देणारे आपल्याच गल्लीत राहतात. त्या अपमानापुढे पदवीचा अपमान ठेवून दोन्ही सारखे म्हणायला मी तयार नाही. पण तुमचाही खरा होता. डिप्लोमावाल्याने दहा वर्षं शिकवलेला पदवीधर त्याच्याच डोक्यावर साहेब होऊन बसतो, हे कारखान्यात होतं, आणि ते चूकच आहे. अपमान करणारा दोषी, यात वाद नाही. माझा प्रश्न पुढचा आहे: त्याने केलेलं मोजमाप तुम्ही खरं का धरलंत?

भीमाच्या टोमण्यात एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे रथ हाकणं हलकं काम. कर्ण चिडला, उसासा टाकून आकाशातल्या सूर्याकडे बघत राहिला, पण ‘हलकं कसं?’ असं त्याने विचारलं नाही. आतून त्याला ते मान्य होतं. आता जरा आजूबाजूला बघा. धृतराष्ट्राला युद्ध सांगणारा संजय कोण? गवल्गणाचा मुलगा, सूत, म्हणजे सारथ्यांच्याच जातीतला. आपल्यापर्यंत गीता आली ती त्याच्या तोंडून. नैमिषारण्यात ऋषींना अख्खं महाभारत सांगणारा उग्रश्रवा कोण? सूत. आणि कुरुक्षेत्रावर ज्याच्या शब्दावर युद्ध फिरत होतं तो कृष्ण काय करत होता? घोडे हाकत होता. भीमाने ज्या चाबकावरून कर्णाला हिणवलं, तोच चाबूक भीमाच्या धाकट्या भावाच्या रथावर कृष्णाच्या हातात होता, आणि त्यात कृष्णाला काही कमीपणा वाटला नाही.

याहून नवल म्हणजे, कर्णाला हे ठाऊक होतं. सतराव्या दिवशी तो म्हणतो, मी अर्जुनाला भारी आहे, पण त्याच्याकडे कृष्णासारखा सारथी आहे. मला तोडीचा सारथी म्हणून मद्र देशाचा राजा शल्य द्या. म्हणजे जिंकणं-हरणं सारथ्यावर ठरतं हे त्याला पक्कं कळत होतं. फक्त ‘हेच तर माझ्या बापाचं काम’ ही कडी त्याने कधी जोडली नाही. (आणि मागून घेतला कोण, तर शल्य! वाटभर त्याने टोचून टोचून कर्णाचा तेजोभंग केला. आपल्या भाषेत मनात रुतून बसलेल्या काट्यालाही शल्यच म्हणतात. ते लगाम धरून बसलं की काय होतं, ते आपण वाचलंय.)

राधेय, तुमच्या पत्रात एक परिच्छेद असा आहे जो मी दोनदा वाचला. डाय बंद होताना कुठे अडते ते कसं शोधायचं, हे तुम्ही सांगितलंय. एका बाजूला निळा रंग पुसायचा, डाय मिटवून उघडायची, आणि समोर जिथे निळं उमटेल तेवढंच घासायचं. बाकीच्या लोखंडाला हात लावायचा नाही, नाहीतर चांगली डाय वाया. मला यातलं काडीचं कळत नाही, पण हा परिच्छेद लिहिणारा माणूस भित्रा नाही, न्यूनगंडाचा नाही, त्याला स्वतःच्या कामाची पूर्ण ओळख आहे. पुढच्याच परिच्छेदात ‘पण शेवटी मी डिप्लोमावाला’ असं येतं. ही दोन वेगळी माणसं लिहितायत की काय, असं वाटावं.

तर तोच निळा रंग तुमच्या अपमानांवर लावा. हे पहिलं काम, आणि हे मी फक्त तुम्हाला सांगत नाहीये. जास्त शिकलेल्या जीएनएम नर्सपुढे स्वतःला कमी समजणारी एएनएम सिस्टर, इंग्रजी माध्यमवाल्यांत गप्प बसणारा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला डॉक्टर, लग्नानंतर वीस वर्षांनी कामाला लागलेली बाई, अशा सगळ्यांची पत्रं माझ्याकडे येतात. एक वही घ्या. तुम्हाला कमी लेखलं गेलं ते प्रत्येक खरं वाक्य लिहा: कोण म्हणालं, कधी, कुणासमोर, नेमके शब्द काय. जे ऐकलं तेवढंच. ‘त्यांच्या मनात असणारच’, ‘बघण्यावरूनच कळतं’, हे दुसऱ्या पानावर.

ही कल्पना माझी नाही म्हटलं तरी चालेल. पुण्यातच तिचा मोठा नमुना आहे. भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. देशभरच्या हस्तलिखित पोथ्या ताडून मूळ कोणतं आणि मागून घातलेलं कोणतं, ते तिथल्या विद्वानांनी ओळ-ओळ वेगळं केलं. आणि द्रौपदीने स्वयंवरात ‘मी सूताला वरणार नाही’ असं म्हटल्याचा जो प्रसंग आपल्या सगळ्यांच्या काळजावर कोरलेला आहे, तो त्यांना मूळ संहितेत घेण्याजोगा वाटला नाही. तो तळटिपेत गेला. तसंच ‘द्रोणांनी कर्णाला शिकवलंच नाही’ हे. आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेयाचं नाव स्पष्ट आहे. द्रोणांनी त्याला नाकारलं ते ब्रह्मास्त्र. तेही अन्यायाचंच, पण ‘दारातूनच हाकललं’ याहून वेगळं.

म्हणजे बघा, कर्णाचे खरे अपमान काय कमी होते? तरी मागच्या लोकांनी त्याच्या खात्यावर आणखी काही जमा केले, प्रेमापोटी. आपणही स्वतःच्या बाबतीत तेच करतो. तुमच्या पत्रातून मी मोजले तेव्हा खरे, बोलले गेलेले अपमान तीन भरले. तिन्ही जुन्या कंपनीतले. आताच्या कारखान्यात बारा वर्षांत कुणी एक शब्द बोलल्याची नोंद पत्रात नाही. ‘ते चार बीई माझं ऐकणार नाहीत’ हे तुमचं वाक्य आहे, त्यांचं नव्हे.

आता दुसरी गोष्ट, लपवण्याची. ब्रह्मास्त्रासाठी कर्ण परशुरामांकडे गेला आणि आपण भृगुकुळातला ब्राह्मण आहोत असं सांगितलं. ‘मी आहे तसा गेलो तर मला शिकवणार नाहीत’ हा त्याचा अंदाज बरोबरही असेल. पण मग रोज शिकताना रोज लपवणं आलं. गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपले, किड्याने मांडी पोखरली, हा हलला नाही. आपण याला सहनशक्तीचा कळस म्हणतो. मला त्या ओळी वाचताना नेहमी वाटतं, या पोराला ‘दुखतंय’ म्हणायची मुभाच नव्हती. आणि ज्या सहनशक्तीचा त्याला अभिमान, तिच्यानेच तो पकडला गेला.

तुम्ही लिहिलंय, डिझाइनच्या मीटिंगमध्ये इंग्रजीत सिम्युलेशनचं काही निघालं की तुम्ही मान हलवता, आणि रात्री घरी मोबाइलवर शोधून काढता. ‘आजपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.’ हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. अहो, तो किडाच आहे. उद्या मीटिंगमध्ये मराठीत विचारा, ‘हे मला नीट सांग, पत्रा इथे फाटेल असं स्क्रीनवर कशावरून कळतं?’ पोरगा खुशीने सांगेल. आणि मग तुम्ही त्याला सांगा, प्रेसवर ते आवाजावरून आधी कसं कळतं. हे वाक्य तुमच्याच पत्रातलं आहे.

नकारांबद्दल. मालकांना दोनदा नाही म्हणालात ते ‘माझी पात्रता नाही’ म्हणून. चाकणला नाही म्हणालात ते ‘माझी निष्ठा आहे’ म्हणून. एक कारण खालचं आणि एक वरचं, पण मला दोन्ही एकाच मापाची वाटतात. दोन्हींचा परिणाम एकच आहे: तुम्ही आहात तिथेच. युद्धाआधी भीष्मांनी कर्णाला अर्धरथी, म्हणजे अर्धाच योद्धा, म्हटलं. कर्ण म्हणाला, भीष्म आहेत तोवर मी शस्त्र धरणार नाही. अठरा दिवसांच्या युद्धातले पहिले दहा दिवस तो बाहेर बसून राहिला. ज्याच्या उपकारांसाठी लढायचं, त्या दुर्योधनाला दहा दिवस त्याचा उपयोग नाही! निष्ठा मित्रावर होती, पण हट्ट निष्ठेपेक्षा मोठा निघाला. आणि पुढे शरशय्येवरच्या भीष्मांनी त्याला सांगितलं, की तू कुंतीचा मुलगा हे मला माहीत होतं, तुझं शौर्यही माहीत होतं. दहा दिवस वाया गेल्यावर.

तुमचे ते दहा दिवस सध्या चालू आहेत. मालक ६८ वर्षांचे आहेत, तुम्हीच लिहिलंय. त्यांना खुर्चीवर बसवायला माणूस हवाय. तुमची कृतज्ञता त्यांना नको आहे असं नाही, पण ती तुम्ही बारा वर्षं दिलीत. आता ते दुसरं काही मागतायत, आणि तुम्ही पुन्हा तेच देताय.

चाकणला जाणं मला वाईट वाटत नाही. ‘उपकार केले म्हणून जन्मभर’ हा हिशेब दुर्योधनानेसुद्धा तोंडाने मांडला नव्हता, तो कर्णाने मांडला. पगार दीडपट असेल आणि घराला गरज असेल तर जाण्यात पाप नाही. मालकांना समोर बसून, तीन महिने आधी सांगून, हाताखालचा माणूस तयार करून जावं. पण तुमच्या पत्रात पैशाची ओढ कुठे दिसली नाही. आणि आज चाकणला गेलात तर तिथल्या मीटिंगमध्येही तुम्ही मानच हलवणार. म्हणून माझं मत विचारलंत तर, आधी इथलं पद घ्या. घेताना अटी घालून घ्या, भिडेखातर नको. सहा महिन्यांची मुदत मागा, त्यानंतर दोघांनी मिळून ठरवायचं. ड्रॉइंग मंजूर करण्याचा अधिकार तुमच्या नावाने लेखी मागा. ते वाक्य ड्रॉइंगबद्दल होतं ना, मग सहीही ड्रॉइंगवरच व्हायला हवी. चौघांना आठवड्यातून एक दिवस ट्रायलच्या वेळी प्रेसजवळ उभं करा, आणि एक दिवस तुम्ही त्यांच्या स्क्रीनसमोर बसा. एखादा आगाऊ निघेलही. निघू दे. आगाऊ पोरं काय डिग्रीच देते असं थोडंच आहे.

पदवीचं म्हणाल, तर दार बंद नाही. डिप्लोमावाल्यांना इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो हे तुम्हाला माहीत आहेच. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळांचे वर्गही काही कॉलेजांत चालतात, चौकशी करा. पण अठरा वर्षांपूर्वीच्या त्या साहेबांना दाखवायला म्हणून करणार असाल तर करू नका. ते साहेब तेव्हाच निवृत्तीला आले होते, असं तुम्हीच लिहिलंय. गणितातलं जे अडतंय ते शिकायचं असेल, तर खुशाल करा, पन्नाशीतही करा.

मुलीला मात्र मोकळं सोडा. तिने तुमचा कारखाना पाहिलाय, तुमच्या हाताला लागलेलं ते निळं लहानपणापासून पाहिलंय, आणि तिला ते आवडलंय. तुम्ही तिला ‘माझ्यासारखा शिक्का नको’ म्हणता. तिला तो शिक्का दिसतच नाहीये, तिला बाप दिसतोय. अधिरथाने पाय झाकले होते, आठवतंय ना? तसं करू नका. प्रवेशाच्या फेऱ्यांची तारीख निघून जाईल.

आता तुमच्या सहीकडे येते. तुम्ही ‘राधेय’, म्हणजे राधेचा मुलगा, ही सही जखम म्हणून केली आहे. पण उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला रथात घेऊन सांगतो, की तू कुंतीचा थोरला, चल, राज्य तुझं. तेव्हा कर्ण काय म्हणतो? म्हणतो, मला पाहून राधेच्या उराला पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं, अधिरथ मला मुलगा मानतो, मी त्यांना कसा सोडू? हा माझ्या मते कर्णाचा सगळ्यात उंच क्षण. ‘मी कोण?’ याचं उत्तर त्याच्याकडे होतं, आणि ते लाजिरवाणं नव्हतं. फक्त ते त्याने एकांतात, एकट्या कृष्णाला सांगितलं. चौदा लोकांसमोर कधी नाही. त्याच बैठकीत तो आणखी एक बोलतो: दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना कडू बोललो, त्याचा आज मला ताप होतोय.

कडू म्हणजे काय, ते सभापर्वात आहे. ज्याला भर रंगभूमीवर कुळावरून हिणवलं गेलं, त्यानेच भर सभेत द्रौपदीला वेश्या म्हटलं आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला सांगितलं. ‘मृत्युंजय’ वाचताना आपण हे पान भरभर उलटतो. मीही उलटलं होतं. पण कर्णाचं काय चुकलं, असं तुम्ही विचारलंत, तर माझं उत्तर या पानावर आहे. शाप बाहेरून आले, कवचकुंडलं दुसऱ्याने मागून नेली. हे मात्र त्याचं स्वतःचं. आपण दुखावलेले आहोत एवढीच स्वतःची ओळख धरून बसलं, की आपणही कुणाला दुखवू शकतो हे दिसेनासं होतं.

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, कंसात, एक ओळ आहे: ‘(परवा ट्रायलला एका आयटीआयवाल्याने मध्येच तोंड घातलं, त्याला सगळ्यांसमोर झापला, तेव्हा गप्प झाला.)’ पुढे लगेच तुम्ही पुन्हा त्या मीटिंगवर गेलात. तो काय म्हणत होता, ते लिहिलेलं नाही. कदाचित डायबद्दल काही त्याला दिसलं असेल. कदाचित चुकीचंही असेल.

उद्या पहिल्या शिफ्टला त्याला त्याच प्रेसजवळ बोलवा, तेच सगळे आजूबाजूला असताना, आणि विचारा, ‘परवा काय म्हणत होतास?’ माफी वगैरे जमली तर मागा, नाही जमली तर पुरतं ऐकून घ्या. मालकांना हो म्हणायच्या आधी हे करा.

आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा त्याचं नाव कळवा. छापणार नाही. या पत्रात सगळ्यांचा हुद्दा आहे, त्याला फक्त ‘आयटीआयवाला’ एवढंच होतं.